शेवटच्या गाण्यातील मोकळी जागा

आदिलाबादजवळच्या आमच्या जैनथला नवे गाणे येते, ते लगेच गावाचे होत नाही. बस थांब्यासमोरच्या हॉटेलात ते आधी सर्वांनी आरंभापासून अंतापर्यंत मुकाट्याने ऐकायचे. मध्ये कोणी बोलायचे नाही, चहा हवा असला तर बोटांनी मागायचा. ऐकणे संपले की वाद सुरू होतो. वाद कितीही चिघळला तरी त्याचा निकाल एकाच रीतीने लागतो. आमच्या धाकट्यांनी ते गाणे स्वतःच्या गळ्यातून म्हणून दाखवायचे. त्यांच्या गळ्यातून गेले की ते हळदीला, वरातीला, जत्रेला वाजवण्यास मोकळे झाले. हा रिवाज कोणी घातला ते मला ठाऊक नाही. परंतु यंदाच्या अल्बमपर्यंत तो मोडलेला मी पाहिला नव्हता.

‘धाकटे’ हे कोणाच्या आईबापांनी ठेवलेले नाव नव्हे. ज्या गायकाच्या गाण्यांवर पैनगंगेच्या दोन्ही काठांच्या दोन पिढ्या नाचल्या, त्यांना हॉटेलात ‘मोठे’ म्हणतात. आणि त्यांची गाणी हुबेहूब म्हणणारे आमच्या तहसील कचेरीतील कारकून ते ‘धाकटे’. मोठ्यांनी आता सत्तरी ओलांडली आहे. धाकटे पन्नाशीच्या पलीकडचे. त्यांचे वडील दुसऱ्याच्या शेतावर सालदार होते. मुलगा शिकला, कचेरीत लागला, आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात गाऊ लागला. मांडवाच्या मागे उभे राहून ऐकले तर मोठेच आले असे वाटावे, इतके साम्य. मी संस्कृत शिकवून निवृत्त झालेला, सकाळी देवळात पुराण सांगणारा मनुष्य. पूर्वी त्या हॉटेलात मी पाणीही घेत नसे. पुढे घेऊ लागलो, आणि मग तेथील माणसांचा मला लोभ जडला.

अल्बम आला तो आश्विनात, कापूस फुटू लागला होता तेव्हा. त्यात आठ गाणी. ढोलकी नाही, कोरस नाही. एक यंत्र खालच्या सुरात अखंड घरघरत राहते आणि त्यावर मोठे अर्धी ओळ म्हणतात, थांबतात, श्वास घेतात, आणि तो श्वास लपवीत नाहीत. शेवटच्या गाण्यात तिसऱ्या ओळीनंतर सात मोजेपर्यंत काहीच नाही. फक्त ती घरघर. मग एक श्वास, आणि चौथी ओळ.

गाणे संपले. प्रथम हॉटेलवाला बोलला.

“हे काय गाणं हाय का बापा? फ्रिज चालू असल्यावानी आवाज येऊन राह्यला नुसता. मधात तं मले वाटलं करंट गेला.”

“ती जागा हाय. मोकळी जागा,” मराठी शाळेतल्या बाई म्हणाल्या. त्या धाकट्यांच्याच वस्तीतल्या, मोठ्यांच्या गाण्यांवर त्यांची अपार निष्ठा. “ऐकाले कान पाह्यजे.”

“दोन हायेत ना. एक तुमाले देऊ का?”

“तुमचा कान घेऊन मी काय करू? त्याच्यात हळदीचीच गाणी भरून ठेवली तुमी. माणूस म्हातारा झाला, तं म्हातारपणाचं गाणार नाई का? मरेपर्यंत काऊन त्यायनं पोट्ट्याईलेच नाचवावं?”

“मंग गावं ना म्हातारपणाचं! पण पुरं तं गावं. अर्धी ओळ म्हन्ते अन् चूप बसते. उरलेली काय तुमच्या घरी पाठवन?”

बाकावरचे सगळे हसले, बाईसुद्धा. मग हॉटेलवाला माझ्याकडे वळला. तो मला तेलुगू मास्तरांना म्हणतात तसे पंतुलू म्हणतो. “पंतुलू, तुमी सांगा आता. तुमचं तं सारं आयुष्य म्हनन्यातच गेलं.”

मी बोलायला नको होते. परंतु विचारल्यावर मनुष्याला आपले शास्त्र आठवते. मी म्हणालो, “श्वास ऐकू येणे हा पाठाचा दोष आहे. ओळ अर्ध्यावर सोडणे हा दुसरा दोष. मोठ्यांच्या वयाचा मी आदर करतो. पण हे गाणे देवळासमोर गाण्यासारखे नाही.”

बाई हसतच होत्या, पण त्यांचे डोळे हसायचे थांबले. “देवळासमोर काय गावं अन् कोणी गावं, हे आता जुनं झालं, गुरुजी.”

मी कोणी गावे याविषयी काही बोललो नव्हतो. तरी त्या दोन गोष्टी आमच्या गावात किती पिढ्या एकाच श्वासात बोलल्या गेल्या आहेत हे मला माहीत असायला हवे होते. मी गप्प राहिलो, आणि ते गप्प राहणे त्यांना कबुलीसारखे वाटले असावे.

निकाल धाकट्यांनी द्यायचा होता. ते उठले नाहीत. “मले थोडे दिवस द्या,” ते म्हणाले. “हे गाणं सोपं नाई. जत्रेत म्हन्तो. साऱ्यांसमोर.” कार्तिकात नारायणाच्या देवळापुढील मैदानात जत्रा भरते. दरवर्षी तेथे धाकट्यांचा कार्यक्रम असतो.

त्यानंतर काही दिवसांनी एका जुन्या पहाणीची, म्हणजे आमच्याकडच्या सातबाऱ्याची, नक्कल काढण्यासाठी मी तहसील कचेरीत गेलो. जिन्याखाली बाकावर बसलो होतो. धाकटे मिसलींचा, कचेरीच्या कागदांचा गठ्ठा छातीशी धरून वर चढत होते आणि चढता चढता ते शेवटचे गाणे गुणगुणत होते. पहिली ओळ नीट आली. दुसऱ्या ओळीत एका शब्दाच्या मध्येच ते थांबले. श्वास घेतला. पुन्हा दोन शब्द, पुन्हा श्वास. तो श्वास आखूड होता, गळ्याच्या वरच्या भागातूनच घेतलेला, आणि त्याच्या तळाशी अरुंद तोंडाच्या तांब्यात पाणी हलावे तसा बारीक आवाज होता.

तो आवाज मी पूर्वी ऐकला होता.

मी आणि माझे वडीलबंधू बालपणी बासरला गुरुगृही शिकलो. गुरुजी आमच्याकडे पाठ करून, गोदावरीकडे तोंड करून बसत, आणि नुसत्या कानांनी कोणी कोठे श्वास घेतला ते सांगत. श्वासाची ठिकाणे ठरलेली होती. चुकीच्या ठिकाणी घेतला तर आरंभापासून पुन्हा. कधी कानाला संशय आला तर गुरुजी उठून त्या विद्यार्थ्याच्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली तळहात ठेवून म्हणायला लावीत. ते म्हणत, “छातीला खोटे बोलता येते. पाठीला येत नाही.” त्या हातामुळे एका मुलाचा जुना ज्वर उघडकीस आला होता, हेही मला आठवते.

पुढे कितीतरी वर्षांनी, एका चातुर्मासात, माझे बंधू पाठ म्हणताना शब्दाच्या मध्येच श्वास घेऊ लागले. मी शेजारी बसलो होतो. मला ऐकू आले. मला वाटले, वय झाले, शैथिल्य आले. आणि वडील भावाचा दोष दाखवणे हे मला पाप वाटले. मी डोळे मिटून पुढचे म्हणत राहिलो. त्या महिन्याची पौर्णिमा त्यांनी पाहिली नाही. ते आखूड श्वास मी आजवर कोणाजवळ बोललो नव्हतो.

धाकटे खाली आले तेव्हा मी त्यांच्या पायांकडे पाहिले. पाय सुजलेले होते. चपलांचे पट्टे त्यांनी सुटेच ठेवले होते.

“दम लागतो का हो?” मी विचारले.

“दम नाई गुरुजी, जागा घेऊन राह्यलो!” त्यांचा चेहरा उजळला होता. “तीस वर्षं त्यायची नक्कल केली मी. यंदा पहिल्यांदा नक्कल कराच नाई लागून राह्यली. जागा आपोआप येते. पायरी चढताना येते, जेवताना येते. मोठेच आंगात आले म्हना ना.”

“आणि निजताना?”

“निजल्यावर तं जास्तच. आडवं होताच येत नाई. भिंतीले टेकून बसतो अन् मनात तेच गाणं म्हन्तो.”

हे त्यांनी आनंदाने सांगितले. इतक्या आनंदाने सांगितलेले इतके भयंकर वाक्य मी ऐकले नव्हते. मी त्यांना दवाखान्यात जायला सांगितले. ते म्हणाले, “जाईन ना. जत्रा होऊ द्या एकडाव. आता गेलो अन् डॉक्टरनं गोळी देऊन ही जागाच बुजवली तं?”

मी नक्कल न घेताच परत आलो. दोन दिवस मनात वाक्य जुळवीत होतो. तिसऱ्या दिवशी हॉटेलात सगळे होते. धाकटे बाकाच्या टोकाला, चहाची बशी ओठांशी धरून. जुळवलेली वाक्ये ऐनवेळी राहिली, आणि जे आधी तोंडाला आले तेच मी बोललो.

“यांना जत्रेत गाऊ देऊ नका.”

मी ‘यांची प्रकृती’ असे पुढे बोलू लागलो होतो, पण बाई उभ्या राहिल्या.

“हे बाकी होतं तुमचं? आधी गाणं देवळासमोर चालत नव्हतं. आता मानूस चालत नाई?”

“बाई, तसे नाही. यांच्या श्वासात...”

“श्वासात दोष हाय ना? मोठ्यायच्याही होता तुमच्या हिशेबानं. गुरुजी, तुमी आमच्या पोराईले संस्कृत शिकवलं, म्हनून मी हात जोडून बोलून राह्यली. आमचा मानूस त्या मैदानात गाणार. तुमाले नाई ऐकाचं तं कापूस हाय गावात पायजे तेवढा, घाला कानात.”

हॉटेलवाला अल्बमच्या विरुद्ध होता, तोही हळूच म्हणाला, “जाऊ द्या ना पंतुलू. नाई आवडलं तं नाई आवडलं. कायले त्याले भेव दाखवता?”

मी धाकट्यांकडे पाहिले. त्यांनी बशी खाली ठेवली. माझ्याकडे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला वाईट वाटू नये अशी काळजी होती. मी घरी आलो. माझा शब्द खरा होता, परंतु त्या शब्दाची पत मी स्वतःच आश्विनातल्या त्या दिवशी घालवून बसलो होतो. देवापुढे बसून मी एवढेच मागितले की माझ्या कानांना भ्रम झालेला असावा.

जत्रेच्या दिवशी दुपार ढळता ढळता कार्यक्रम सुरू झाला. देवळाच्या शिखराची सावली मैदानावर लांबत मंचाच्या पहिल्या पायरीपर्यंत आली होती. मी देवळाच्या ओट्यावर बसलो. जुनी गाणी धाकट्यांनी झोकात म्हटली. पोरे नाचली, बायांनी टाळ्यांचा ठेका धरला. दोन गाण्यांच्या मध्ये ते मंचाच्या खांबाला टेकत होते, आणि प्रत्येक वेळी थोडे अधिक वेळ टेकत होते. मी ओट्यावरून उतरून मंचाच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

मग वाद्ये थांबली. पेटीवाल्याने एकच खालचा सूर धरला. धाकटे शेवटचे गाणे म्हणू लागले, आणि मला कबूल केले पाहिजे की ते सुंदर होते. दुसऱ्या ओळीत शब्द तुटले. लोक एकमेकांकडे पाहून माना डोलावू लागले, अगदी मोठ्यांसारखे म्हणतो म्हणून. तिसरी ओळ संपली. ती मोकळी जागा आली.

गेले काही आठवडे मोबाइलवर हे गाणे ऐकून ती जागा मोजण्याचा पोरांना नाद लागला होता. ते कुजबुजत मोजू लागले. पुढे हॉटेलवाला बसला होता, तोही बोटे दुमडत होता. मी जपाच्या सवयीने पेरांवर मोजत होतो. पाच. सहा. सात. धाकट्यांचे तोंड उघडे होते. आठ. नऊ. कोणीतरी शिटी मारली आणि ओरडले, “मोठ्यापेक्षाही लांब घेतली रे!” सगळ्या मैदानाने टाळ्या वाजवल्या.

चालू पाठ मी आयुष्यात कधी तोडला नव्हता. मी मंचावर चढलो. त्यांच्या शेजारी जाऊन विचारले, “पाठीवर हात ठेवू का?” माझ्या वडिलांच्या काळात हा हात त्या पाठीपर्यंत पोहोचला नसता, म्हणून विचारले. धाकट्यांनी होकारार्थी मान हलवली. ज्या माणसाने तीस वर्षांत कोणाला शब्दावाचून उत्तर दिले नाही, त्याने मान हलवली.

मी तळहात ठेवला. सदरा घामाने गार पडला होता. फासळ्या पाण्याबाहेर काढलेल्या माशाच्या कल्ल्यांसारख्या उघडझाप करीत होत्या, आणि त्यांच्या आत, माझ्या हाताखाली, पाणी हलत होते.

“थांबा. आता म्हणू नका,” मी म्हणालो. ध्वनिक्षेपक चालू होता. माझे शब्द साऱ्या मैदानभर गेले, देवळाच्या भिंतीवर आपटून परत आले. लोकांनी हुर्यो केली. “पंतुलू, खाली उतरा!” “गाऊ द्या त्याले!” बाई तरातरा मंचावर आल्या. मला खाली उतरवायलाच आल्या होत्या. माझा दंड धरायला त्यांनी हात पुढे केला, आणि तेवढ्यात त्यांची दृष्टी धाकट्यांच्या ओठांवर गेली. ओठ जांभळे पडले होते.

शाळेचे पटांगण गप्प करणाऱ्या आवाजात त्या ओरडल्या, “ऑटो आना! ऑटो आना पह्यले!”

आदिलाबादपर्यंत धाकटे आमच्या दोघांच्या मध्ये बसून होते. मी हात काढला नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितले की हृदय दुबळे झाले आहे, फुप्फुसांत पाणी साचले आहे. त्यांनी धाकट्यांना विचारले, किती दिवसांपासून असे बसून झोपता? धाकटे म्हणाले, “अल्बम आला तवापासून.” डॉक्टरांना काही समजले नाही. बाईंनी पदराने तोंड झाकले.

धाकटे वाचले. गाण्याची मनाई आहे. कधीपर्यंत, ते डॉक्टरही सांगत नाहीत. ते पुन्हा हॉटेलात येऊन बसू लागले, परंतु निकाल राहिला तो राहिलाच. गाणे अर्धेच त्यांच्या गळ्यातून गेले आहे. गावात ते कोणी वाजवत नाही, आणि वाजवू नये असेही कोणी म्हणत नाही.

पंधरा दिवसांनी बाई माझ्या घरी आल्या, धाकट्यांना सोबत घेऊन. ओसरीवर बसल्या. मग म्हणाल्या, “गुरुजी, मोठ्यायचं काय?”

मी तो प्रश्न स्वतःला विचारण्याचे टाळत होतो. बाईंनी मोबाइल चौरंगावर ठेवला. मी गुरुजींसारखा पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसलो आणि आठही गाणी ऐकली. पहिल्या सहांतील श्वास कलावंताचे होते. नाभीपासून आलेले, जेथे हवे तेथेच ठेवलेले. मी त्यांना दोष म्हटले होते, ते चुकलो होतो. ते अलंकार होते. सातव्यात एका ठिकाणी मला शंका आली. आठव्यात ती मोकळी जागा संपताना जो श्वास येतो तो आखूड आहे, वरचा आहे. त्याच्या तळाशी पाणी आहे की नाही ते मला कळले नाही. तेथे ते यंत्र घरघरत राहते, आणि त्याखालचे काही ऐकू येत नाही. बाईंनी ती जागा पुन्हा पुन्हा लावली. माझे कान तेथेच थांबत होते.

मोठ्यांचे मोबाइलवर एक पान आहे. तेथे त्यांचे चाहते लिहितात. बाईंनी मी सांगितले तसे लिहिले : आपल्या गायनाला वंदन करून एका वृद्ध पाठकाची विनंती आहे की आपण आपली पाठ एकदा वैद्यांकडून तपासून घ्यावी. शेवटच्या गाण्यातील श्वासाविषयी मनात शंका आहे.

दुसऱ्या दिवशी बाई उत्तरे वाचून दाखवू लागल्या. आजोबा, याला प्रयोग म्हणतात. कला कळत नसेल तर भजन ऐका. जुन्या लोकांना नवे सोसतच नाही. एकाने नुसते हसरे चेहरे काढले होते. बाई वाचता वाचता थांबल्या.

“मीबी हेच बोलली होती तुमाले,” त्या म्हणाल्या.

त्याच पानावर सर्वांत वर एक जाहिरात होती. येत्या महिन्यात मोठे एका मोठ्या शहरातील मैदानावर हा अल्बम सबंध म्हणणार आहेत; आठही गाणी, उभे राहून, न थांबता. खाली कोणीतरी लिहिले होते की शेवटची जागा सगळ्यांनी मिळून मोजू.

धाकटे इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होते. बोलताना त्यांना अजून दोन ठिकाणी थांबावे लागते.

“गुरुजी,” ते म्हणाले, “तेथी त्यायच्या... पाठीवर हात ठेवणारं... कोणी असन ना?”

बाईंनी मोबाइल बंद करून पिशवीत टाकला. मी धाकट्यांजवळ सरकलो आणि, आता न विचारता, त्यांच्या डाव्या खांद्याखाली तळहात ठेवला.